एक मांडवी, चार दरवाजे: क्रिप्टोग्राफी लायब्ररीचं बिल्ड सोपं कसं करायचं

कलाभवनाच्या वर्गातून, रावपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीतून किंवा दांडिया बाजारातल्या घरातून जे पहिल्यांदाच एखाद्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीच्या कामात हात घालणार आहेत, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. सी भाषा येते आणि सीमेकची फाइल एकदा तरी उघडून पाहिली आहे, इतकं गृहीत धरलं आहे. वडोदऱ्यात चार जण एकत्र बसले की चार तऱ्हेची यंत्रं जमतात: लॅबमधलं विंडोज, कुणाचा उबुंटूवाला लॅपटॉप, एखादा मॅक, आणि प्रत्येकाच्या खिशातला अँड्रॉइड फोन. एकच कोड या सगळ्यांवर सारखाच चालला पाहिजे. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा.

उदाहरणाला लहान लायब्ररी घेऊ. तिच्यात शा-२५६ (हॅश), एईएस-जीसीएम आणि चाचा२०-पॉली१३०५ (कूटबद्ध करणं), आणि एक्स२५५१९ (किल्लीची देवाणघेवाण) आहेत. सी फाइली पंधरा-वीस. सोबत वारशानं आलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट, विंडोजसाठी वेगळी प्रोजेक्ट फाइल, अँड्रॉइडसाठी तिसरंच काहीतरी. ही तीन बिल्ड काढून एक करायचं आहे.

गप्प बसणारी तपासणी

बिल्ड सोपं करायचं ते वेळ वाचावा म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. क्रिप्टोग्राफीत कारण वेगळं आहे: इथे बिल्ड हा सुरक्षेचाच भाग आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा (बॅकडोअर) सापडला. तो सुरू करणाऱ्या ओळी गिट भांडारात नव्हत्याच. त्या होत्या फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमधल्या एका एम४ फाइलीत, आणि खरा माल टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या फाइलींत. कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणाऱ्या ऑटोटूल्सच्या हजारो ओळींच्या जंगलात चार ओळी जास्त आहेत हे कोण बघणार?

त्याच प्रकरणातली दुसरी गोष्ट नवख्यांनी जास्त लक्षात ठेवावी. सीमेकच्या फाइलीत लँडलॉक ही लिनक्सची सुरक्षा सोय उपलब्ध आहे का, हे पाहणारी तपासणी होती. अशी तपासणी म्हणजे चार ओळींचा सी प्रोग्रॅम कंपाइल करून बघणं. जमलं तर 'आहे', नाही जमलं तर 'नाही'. त्या चार ओळींत कुणीतरी एक एकटा पूर्णविराम ठेवला होता. त्यामुळे प्रोग्रॅम कुठेच कंपाइल होईना, उत्तर कायम 'नाही' येई, आणि सोय निमूटपणे बंद राही. ना एरर, ना इशारा.

पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीभोवती आहे. बिल्डनं विचारलेला प्रत्येक प्रश्न हा चुकीचं उत्तर मिळण्याची एक जागा असते. प्रश्न कमी करा; आणि जे उरतील, त्यांचं उत्तर सापडलं नाही तर बिल्ड मोठ्यानं ओरडून थांबलं पाहिजे.

पायरी १: आधी जे आहे ते मोजा

जुन्या बिल्डला हात लावण्याआधी ते मिळेल त्या प्रत्येक यंत्रावर चालवा आणि तीन गोष्टी जपून ठेवा: टेस्टचा निकाल, लायब्ररीतून बाहेर दिसणाऱ्या नावांची यादी (लिनक्स-मॅकवर एनएम, विंडोजवर डम्पबिन), आणि तयार झालेली कॉन्फिग हेडर फाइल. शेवटी नवं बिल्ड बरोबर आहे हे सांगायला हेच हाताशी असेल.

मग कॉन्फिग हेडरमधला एकेक मॅक्रो घेऊन तो कोडमध्ये ग्रेपनं शोधा. जुन्या लायब्ररीत बरेच मॅक्रो कुठेच वापरलेले नसतात. स्ट्रिंग.एच आहे का, मेममूव्ह आहे का, पूर्णांक चार बाइटचा आहे का, हे प्रश्न कधीकाळच्या युनिक्ससाठी होते. जो मॅक्रो कुणी वाचत नाही, त्याची तपासणी त्याच दिवशी काढून टाका.

पायरी २: कुठे चालवायचं ते लिहून काढा

यादी एका पानाच्या आत बसावी. आमची शिफारस अशी: लिनक्स एक्स८६-६४ वर जीसीसी आणि क्लँग दोन्ही; विंडोज १० आणि पुढे, व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ ची १६.८ किंवा नंतरची आवृत्ती, कारण मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये सी११ चा पर्याय तिथून आला, मॅकवर इंटेल आणि एआरएम दोन्ही, अँड्रॉइड एआरएम-६४. शिवाय फक्त चाचणीसाठी दोन: एक ३२-बिट, आणि एक बिग-एंडियन (संख्येची मोठी बाइट आधी साठवणारं), म्हणजे क्यूईएमयू या एम्युलेटरमधलं आयबीएमचं एस३९०एक्स. बिग-एंडियन यंत्र तुमच्यापैकी कुणाकडे नसेल, पण कोडमध्ये बाइटच्या क्रमाचं काही गृहीत धरलंय का, हे तेच पकडतं.

भाषा सी११. सीमेकची किमान आवृत्ती ३.२१ ठेवली तर उबुंटू २२.०४ वर जसंच्या तसं चालतं. जुन्या फाइलीत किमान २.८ लिहिलेलं असेल तर सीमेक ४ ती फाइल वाचायलाच नकार देतं, कारण ३.५ च्या खालची सुसंगतता त्यातून काढून टाकली आहे.

पायरी ३: कॉन्फिग हेडर काढून टाका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. बिल्डच्या वेळी कॉन्फिग.एच तयार करायची पद्धत मॅकच्या युनिव्हर्सल बिल्डमध्ये सरळ चुकते. तिथे एकच फाइल एका दमात दोन प्रोसेसरसाठी कंपाइल होते, पण तपासणी एकदाच होते आणि कॉन्फिग.एच एकच बनते. इंटेलचं उत्तर एआरएमच्या अर्ध्या भागालाही चिकटतं.

उपाय सोपा आहे. जे विचारायचंय ते कंपायलरला आधीच ठाऊक असतं. विंडोज, ॲपल, अँड्रॉइड, लिनक्स, एक्स८६-६४, एआरएम-६४ या प्रत्येकाचा मॅक्रो कंपायलर स्वतः देतो. १२८-बिट पूर्णांक आहे का, याचं उत्तरही जीसीसी आणि क्लँग साइझऑफ-इंट१२८ या मॅक्रोनं देतात. मायक्रोसॉफ्टकडे तो प्रकार नाही, तिथे एक्स८६-६४ वर गुणाकारासाठी यूमल१२८ हे इंट्रिन्सिक (थेट प्रोसेसरची सूचना देणारं कंपायलरचं फंक्शन) वापरायचं. टाइपच्या आकाराबद्दल शंका असेल तर स्टॅटिक असर्ट लिहा. एक ओळ, आणि चुकलं तर कंपाइलच होणार नाही.

इथे एक सापळा आहे. बाइटचा क्रम ओळखायला लोक असं लिहितात: '#इफ बाइट-ऑर्डर == ऑर्डर-बिग-एंडियन'. जीसीसी-क्लँगवर ठीक. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला मात्र ही दोन्ही नावं माहीत नाहीत. प्रीप्रोसेसरचा नियम असा की माहीत नसलेलं नाव म्हणजे शून्य. शून्य बरोबर शून्य, अट खरी, आणि लॅबमधलं साधं इंटेलचं यंत्र बिग-एंडियन ठरतं! कोड विनातक्रार कंपाइल होतो आणि शा-२५६ चं उत्तर मात्र भलतंच येतं. जीसीसी आणि क्लँगला डब्ल्यू-अनडेफ हा इशारा चालू करा, म्हणजे न व्याख्या केलेली नावं तिथे तरी दिसतील. त्याहून चांगलं म्हणजे हा प्रश्नच विचारू नका: चार बाइट एकेक करून वाचा, शिफ्ट करा, जोडा. ओ२ वर जीसीसी आणि क्लँग या चार ओळींची एकच लोड सूचना करतात. वेग जात नाही, आणि एंडियनची अट कोडमधून कायमची जाते.

पायरी ४: चार दरवाजे

जुन्या वडोदऱ्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मधोमध मांडवी, पश्चिमेला लहरीपुरा, उत्तरेला चांपानेर, पूर्वेला पाणीगेट, दक्षिणेला गेंडीगेट. बाहेरच्या माणसानं आत यायचं ते या चारांतल्याच एका दरवाजानं. लायब्ररीनंही ऑपरेटिंग सिस्टिमशी आणि प्रोसेसरशी चारच ठिकाणी बोलावं, आणि ती चारही एकाच फाइलीत असावीत. तिला प्लॅटफॉर्म.सी म्हणू. बाकी कुठल्याही फाइलीत विंडोज किंवा लिनक्सचं नाव दिसलं की ते उचलून इथे आणा.

पहिला दरवाजा यादृच्छिक बाइटचा. लिनक्सवर गेटरँडम, कर्नल ३.१७ पासून आहे, जीलिबसी या सी लायब्ररीत २.२५ पासून. फ्लॅग शून्य द्या, म्हणजे यंत्र नुकतंच सुरू झालं असेल तर पुरेशी अनिश्चितता जमेपर्यंत ते थांबतं. २५६ बाइटपर्यंतची मागणी एका फटक्यात पुरी होते; त्याहून जास्त हवे असतील तर लूप लावा आणि परत आलेला आकडा तपासा. अँड्रॉइडवर गेटरँडमचं फंक्शन एपीआय २८ पासून आहे. जुने फोन धरायचे असतील तर आर्क४रँडम-बफ वापरा, ते मॅकवरही चालतं. विंडोजवर बीक्रिप्टजेनरँडम: पहिला हँडल रिकामा, आणि सिस्टिमचा पसंतीचा जनरेटर वापरा असं सांगणारा फ्लॅग. सोबत बीक्रिप्ट लायब्ररी लिंक करावी लागते. ती विसरली तर 'अनरिझॉल्व्हड एक्स्टर्नल' दिसेल. घाबरायचं कारण नाही, सीमेकमध्ये एक ओळ घालायची.

या फंक्शनच्या शेवटच्या #एल्समध्ये #एरर असलाच पाहिजे. 'माहीत नसलेल्या सिस्टिमवर निदान रँड तरी वापरू' अशी ओळ कुणी सुचवली तर ती घेऊ नका. अशा यंत्रावर लायब्ररी न बनणं परवडतं. ओळखता येण्यासारख्या किल्ल्या बनणं परवडत नाही.

दुसरा दरवाजा मेमरी पुसण्याचा. किल्ली वापरून झाल्यावर मेमसेटनं शून्य भरलं आणि पुढे तो बफर कुणी वाचला नाही, तर ऑप्टिमायझर ते मेमसेट काढून टाकतो. त्याच्या हिशेबानं ते निरुपयोगी काम. जुनी बिल्ड यासाठी एक्स्प्लिसिट-बीझेरो आहे का, मेमसेट-एस आहे का, असे तीन-चार प्रश्न विचारतात. एकाचीही गरज नाही. विंडोजवर सिक्युअरझीरोमेमरी, जीसीसी-क्लँगवर साधं मेमसेट आणि लगेच खाली रिकामी असेंब्लीची ओळ, जिला तो पॉइंटर इनपुट म्हणून दिला आहे आणि 'मेमरी' हा क्लॉबर लावला आहे. कंपायलरला वाटतं की ती ओळ बफर वाचते, म्हणून मेमसेट जागेवर राहतं. दोन फांद्या, तपासणी शून्य.

तिसरा, प्रोसेसर ओळखण्याचा. एईएसच्या खास सूचना आहेत का, हे बिल्डच्या वेळी ठरवायचंच नाही; प्रोग्रॅम चालतो त्या यंत्रावर ठरवायचं. एक्स८६ वर जीसीसी-क्लँगचं बिल्टिन-सीपीयू-सपोर्ट्स, मायक्रोसॉफ्टवर सीपीयूआयडी. एआरएम लिनक्स आणि अँड्रॉइडवर गेटऑक्सव्हाल. ॲपलच्या एआरएम मॅकमध्ये एईएस सगळ्यांतच आहे, तिथे विचारायची गरज नाही. विंडोज एआरएमवर इझप्रोसेसरफीचरप्रेझेंट. हे का करायचं, याचं जवळचं उदाहरण म्हणजे रास्पबेरी पाय ४. प्रोसेसर ६४-बिट एआरएमव्ही८ असूनही त्यात क्रिप्टोच्या सूचना नाहीत. पाय ५ मध्ये आहेत. '६४-बिट एआरएम आहे म्हणजे एईएस असणारच' असं धरून बनवलेली लायब्ररी पाय ४ वर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत पडते.

चौथा, 'हे एकदाच कर' असं सांगण्याचा, म्हणजे पीथ्रेड-वन्स किंवा विंडोजचं इनिटवन्स. जमलं तर हा दरवाजा चिणूनच टाका. लायब्ररीत जागतिक स्थिती नसेल तर त्याची गरजच उरत नाही.

पायरी ५: बिल्डची फाइल

आता सीमेकलिस्ट्स लिहायला बसा. या आकाराच्या लायब्ररीला साठ-सत्तर ओळी पुरतात. दोनशेच्या वर गेलात तर कुठलातरी प्रश्न परत आत शिरला आहे.

नियम एकच: सगळ्या फाइली सगळ्या यंत्रांवर कंपाइल होतात. फाइलींच्या यादीत 'इफ' नाही. एईएस-एक्स८६.सी ही फाइल एआरएमवरही कंपाइल होते. आतला सगळा मजकूर #इफमध्ये असल्यामुळे तिथे ती जवळजवळ रिकामी असते, इतकंच. यादी हातानं लिहा, ग्लॉब (फोल्डरातल्या फाइली आपोआप गोळा करणारी आज्ञा) वापरू नका. ग्लॉब वापरला की गिटमधून नवी फाइल आली तरी सीमेकला ते कळत नाही, आणि लिंकर भलत्याच ठिकाणी रडतो.

इथे विचाराल: एईएसच्या इंट्रिन्सिक्ससाठी त्या फाइलीला एम-एईएस, एम-पीक्लमूल असे वेगळे फ्लॅग लागतात ना? लागायचे. पण जीसीसी ४.९ आणि क्लँग ३.८ पासून हेच काम फंक्शनवर टार्गेट ॲट्रिब्यूट लावून होतं. फंक्शनच्या डोक्यावर 'या फंक्शनापुरतं एईएस आणि पीक्लमूल चालू' असं लिहायचं. मायक्रोसॉफ्टला ना फ्लॅग लागतो ना ॲट्रिब्यूट. एका मॅक्रोत हे झाकलं की बिल्ड फाइलीतून फाइलवार फ्लॅग पूर्णपणे जातात, आणि मॅकच्या युनिव्हर्सल बिल्डमध्ये इंटेलचा फ्लॅग एआरएमला जाण्याचा घोळही मिटतो.

एम-आर्च-नेटिव्ह (बनवणाऱ्या यंत्राच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवणारा फ्लॅग) कुठेही नको. बनवणाऱ्याच्या नव्या लॅपटॉपवर चालणारी लायब्ररी लॅबमधल्या जुन्या यंत्रावर पहिल्याच सूचनेला कोसळते, ती बहुधा याचमुळे. इशाऱ्यांना एरर करणारा फ्लॅगही डीफॉल्टला ठेवू नका. पुढच्या वर्षीचा कंपायलर नवा इशारा घेऊन येतो आणि तुमची लायब्ररी वापरणाऱ्या तिऱ्हाइताचं बिल्ड मोडतं. तो सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या बिल्ड-टेस्टमध्ये, चालू करा.

बिल्ड टाइप न दिल्यास मेक आणि निन्जावर सीमेक कुठलंही ऑप्टिमायझेशन लावत नाही, म्हणून तो रिकामा असेल तर 'रिलीज' धरा. पण त्यातही खोच आहे. रिलीजमध्ये ओ३ सोबत एनडीबग येतो, आणि एनडीबग आला की असर्ट नाहीसे होतात. टेस्टमध्ये तुम्ही असं लिहिलं असेल: असर्टच्या कंसात यादृच्छिक बाइट मागणारं फंक्शन बोलावलं आणि त्याचं उत्तर शून्याशी ताडलं. रिलीजमध्ये ती पूर्ण ओळ जाते. फंक्शन बोलावलंच जात नाही, बफर रिकामा राहतो, आणि टेस्ट 'पास' म्हणते. टेस्टसाठी स्वतःचा चेक मॅक्रो लिहा, जो चुकल्यावर ओळीचा क्रमांक छापून एक हा कोड परत करेल. लायब्ररीच्या आत तर महत्त्वाचं काहीच असर्टमध्ये ठेवायचं नाही.

बाहेर दिसणारी नावं: लिनक्स आणि मॅकवर न सांगता सगळी दिसतात, विंडोजवर न सांगता एकही दिसत नाही. सगळीकडे व्हिजिबिलिटी हिडन ठेवा आणि जाहीर फंक्शनांवर एकच एपीआय मॅक्रो लावा. विंडोजवर लायब्ररी स्टॅटिक असेल तेव्हा त्या मॅक्रोत डीएलएलइम्पोर्ट येऊ देऊ नका. तसं करायला टार्गेटवर एक 'पब्लिक' व्याख्या ठेवा, म्हणजे ती वापरणाऱ्यापर्यंत आपोआप पोहोचते.

विंडोजवर हमखास भेटणाऱ्या दोन अडचणी. एलएनके२०३८ हा लिंकरचा एरर दिसला आणि त्यात रनटाइमचा उल्लेख असला तर लायब्ररी आणि प्रोग्रॅम यांचा सी रनटाइम जुळत नाही: एक एमडी फ्लॅगनं बनलंय, दुसरं एमटीनं. सीमेकच्या एमएसव्हीसी-रनटाइम-लायब्ररी या चलानं दोन्हीकडे एकच ठेवा. टेस्ट सुरू होताच ०xसी०००००१३५ येऊन बंद पडली तर डीएलएल सापडलेली नाही. सगळ्या रनटाइम फाइली एकाच फोल्डरात जातील असं सांगा.

असेंब्लीबद्दल आमचं स्पष्ट मत: नवख्यांनी ती काढावी. ओपनएसएसएलमध्ये पर्लच्या स्क्रिप्ट असेंब्ली तयार करतात. त्या वेगाची त्यांना गरज आहे आणि ती सांभाळायला माणसंही आहेत. तुमच्या लायब्ररीत मॅकची नावापुढची अधोरेषा, विंडोजचा मासम आणि लिनक्सचा गॅस हे असेंब्लर, असं तिन्ही सांभाळण्यापेक्षा इंट्रिन्सिक्स पुष्कळ बरे. ठेवायचीच असेल तर तयार झालेली फाइल गिटमध्ये ठेवा, म्हणजे बिल्डला पर्ल लागणार नाही. आणि लिनक्सच्या प्रत्येक असेंब्ली फाइलीच्या शेवटी नोट-ग्नू-स्टॅक विभागाची ओळ घाला. ती राहिली तर लिंकर त्या फाइलीला चालवता येणारा स्टॅक हवा असं समजतो, आणि तुमच्या एका फाइलीपायी वापरणाऱ्याच्या अख्ख्या प्रोग्रॅमचं संरक्षण जातं. बिनयुटिल्स २.३९ पासून याचा इशारा मिळतो.

पायरी ६: दुसऱ्या यंत्रासाठी बनवणं

वरच्या पायऱ्या नीट झाल्या असतील तर इथे फार काम उरत नाही. अँड्रॉइडसाठी एनडीके या सी-सी++ च्या साधनसंचासोबत येणारी टूलचेन फाइल द्या, एबीआय आणि प्लॅटफॉर्म सांगा, झालं. सीमेकमध्ये ट्राय-रन कुठे राहिला असेल तर तो इथे उघडा पडतो: फोनसाठी बनवलेला प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवून उत्तर कसं मिळणार? तो काढा. प्रत्येक यंत्रासाठी एक प्रीसेट लिहा, म्हणजे कुणालाही लांबलचक आज्ञा पाठ करावी लागणार नाही.

एस३९०एक्ससाठी उबुंटूवर त्याचा क्रॉस जीसीसी आणि क्यूईएमयू-यूजर ही दोन पॅकेजं बसवा. सीमेकच्या क्रॉसकंपायलिंग-एम्युलेटर या चलात क्यूईएमयूची आज्ञा दिली की सीटेस्ट आपोआप त्यातूनच टेस्ट चालवतं.

पायरी ७: टेस्ट

प्रत्येक अल्गोरिदमला जाहीर उत्तरं आहेत: चाचा२०-पॉली१३०५ ची आरएफसी ८४३९ मध्ये, एक्स२५५१९ ची आरएफसी ७७४८ मध्ये, एईएसची फिप्स १९७ मध्ये. आधी ती घाला, मग विचित्र आणि बिघडवलेल्या इनपुटसाठी वाइचप्रूफचे संच.

एईएसचे दोन रस्ते आहेत, साधा सी आणि हार्डवेअरचा. सगळ्यांच्या लॅपटॉपमध्ये हार्डवेअर एईएस असल्यामुळे साधा रस्ता कधीच तपासला जात नाही, आणि एक दिवस पाय ४ वर चुकीचं उत्तर येतं. तिसऱ्या दरवाजाला फक्त टेस्टच्या बिल्डमध्ये एक कळ द्या, जी 'हार्डवेअर नाही' असं खोटं सांगेल. तोच टेस्टसंच दोनदा चालवा.

सीटेस्टला एकही टेस्ट सापडली नाही तरी ते यशाचाच कोड परत करतं! नो-टेस्ट्स-एरर हा पर्याय सीआयमध्ये नेहमी द्या.

कंपायलरची आवृत्तीही तपासणीत धरा. २०२४ मध्ये कायबर या किल्ली ठरवण्याच्या अल्गोरिदमच्या संदर्भ कोडमधली, गुप्त बिटावर फांदी (ब्रँच, जिला लागणाऱ्या वेळेवरून गुपित फुटू शकतं) पडू नये म्हणून काळजीपूर्वक लिहिलेली ओळ क्लँगनं काही ऑप्टिमायझेशन पातळ्यांवर पुन्हा फांदीत बदललेली आढळली. सी कोड निर्दोष, बनलेली लायब्ररी गळकी. म्हणून व्हालग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या साधनात किल्ली 'अव्याख्यात' म्हणून खूण करून टेस्ट चालवा: किल्लीवर अवलंबून कुठे फांदी पडली किंवा ॲरेचा पत्ता ठरला तर ते तक्रार करतं. ही टेस्ट तुम्ही प्रत्यक्ष प्रसिद्ध करता त्याच फ्लॅगनं चालली पाहिजे; डीबग बिल्डवर चालवून काहीच कळत नाही.

एकदा सगळं 'नवीन काम' अशा नावाच्या फोल्डरात बनवून पाहा. मधली रिकामी जागा आणि देवनागरी अक्षरं, दोन्हींची परीक्षा एका फोल्डरात होते. अवतरण चिन्हं विसरलेल्या स्क्रिप्ट लगेच उघड्या पडतात. टेस्टच्या डेटा फाइली गिटॲट्रिब्यूट्समध्ये बायनरी म्हणून नोंदवा, नाहीतर विंडोजवर गिट ओळींचे शेवट बदलतं आणि हॅश जुळत नाहीत.

पायरी ८: प्रसिद्ध करणं

टारबॉल फक्त गिट आर्काइव्हनं बनवा. जे गिटमध्ये नाही ते टारबॉलमध्ये नाही. एक्सझेडमधली ती एम४ फाइल या नियमात बसलीच नसती. कोडमधून तारीख आणि वेळेचे मॅक्रो काढा, पूर्ण पत्ते आत शिरू नयेत म्हणून फाइल-प्रीफिक्स-मॅप द्या (जीसीसी ८ पासून आहे). मग त्याच कंपायलरनं दोन वेगळ्या फोल्डरात, शक्य तर दोघांच्या यंत्रांवर, लायब्ररी बनवा आणि शा२५६सम ताडून पाहा. जुळले नाहीत तर डिफोस्कोप नेमकी कुठली बाइट वेगळी आहे ते दाखवतं.

आता पहिल्या पायरीत जपलेली यादी काढा. बाहेर दिसणारी नावं जुन्या यादीशी जुळवा: एखादं कमी असेल तर कुणाचातरी प्रोग्रॅम मोडेल, जास्त असतील तर आतली फंक्शनं बाहेर सांडली आहेत. जुळलं की जुनी कॉन्फिगर स्क्रिप्ट आणि प्रोजेक्ट फाइल एका वेगळ्या कमिटमध्ये काढून टाका. दोन्ही बिल्ड फार तर एका आवृत्तीपुरती सोबत ठेवा. त्याहून जास्त ठेवली तर नवी फाइल एकीत जाते, दुसरीत राहते, आणि सहा महिन्यांनी दोन्हींतून निघालेल्या लायब्ररी वेगळ्या असतात.